पळून जायला एक जागा हवी

"मावशी, आम्ही पळून जाऊन लग्न करतोय," भाचीने फोनवर सांगितलं आणि श्वासही न घेता विचारलं, "तुला कुठली तारीख जमेल?"

पळून जाणारी माणसं तारीख विचारत नाहीत, एवढं मला कळत होतं. पळून जाण्यात घाई असते, अर्धवट भरलेली पिशवी असते, उशीखाली ठेवलेली चिठ्ठी असते आणि सकाळी ती चिठ्ठी वाचून डोक्याला हात लावणारं कोणीतरी असतं. इथे हात लावणारी मंडळी आधीच लावून मोकळी झाली होती. दोन्हीकडच्या आईवडिलांना ठाऊक होतं, रुसवे झाले होते, समजुती निघाल्या होत्या, आणि पळायला अजून आठ महिने बाकी होते.

"मग पळताय कोणापासून?"

"पाचशे माणसांपासून," ती म्हणाली. "आणि त्या माइकवाल्यापासून."

त्यांचं ठरलं होतं ते असं. सहीशिक्क्याचं लग्न आधी कार्यालयात उरकायचं. आणि खरं, म्हणजे ते दोघं ज्याला खरं म्हणतात ते, डोंगरात करायचं. उघड्यावर, पाचसहा माणसांत. एकमेकांना जे सांगायचं ते आपल्या शब्दांत लिहून आणायचं आणि वाचायचं, झालं. इंग्रजीत याला अजून इलोपमेंटच म्हणतात. त्यातलं पळणं गेलं, शब्द तेवढा राहिला. माझ्या वाट्याला आलं ते जागा शोधण्याचं काम. "तू तीस वर्षं डोंगर तुडवतेस. एक छानशी जागा दे ना," असं अगदी कपाटातली साडी मागावी तसं तिने मागितलं.

जागेची ही भानगड पूर्वीच्या पळणाऱ्यांना नव्हती. 1753 साली इंग्लंडमध्ये लग्नाचा कायदा कडक झाला आणि 21 वर्षांखालच्या मुलामुलींना पालकांची संमती सक्तीची झाली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर 'आम्ही आता नवराबायको' म्हटलं की लग्न लागलं. मग घोडागाडी दामटत सीमा ओलांडायची आणि जे पहिलं गाव लागेल तिथे उतरायचं. ते गाव म्हणजे ग्रेटना ग्रीन. तिथे लोहारही लग्नं लावायचे, ऐरणीला साक्षी ठेवून. गावाच्या मागे काय दिसतं, सूर्य कुठल्या बाजूला बुडतो, हे बघायला कोणाला फुरसत होती? मागून बाप येतोय म्हटल्यावर जागा कायद्याच्या रेघेनेच निवडून दिलेली असते. पुढे 1856 मध्ये, जोडप्यातल्या एकाने तरी आधी 21 दिवस स्कॉटलंडात राहिलेलं असावं अशी अट आली आणि त्या धावपळीतली हवाच गेली.

आता मागून कोणी येत नाही. त्यामुळे जागा आपणच निवडायची आली, आणि जिथे निवड आली तिथे फोटो आले.

भाचीने सतरा फोटो पाठवले. डोंगर वेगवेगळे, देश वेगवेगळे, पण फोटो जवळपास एकच. कड्याच्या टोकावर दोन माणसं, पाठमोरी, तिचा झगा वाऱ्यावर पसरलेला, समोर दरी, पलीकडे बर्फाच्या रांगा. त्यात नॉर्वेतल्या ट्रोलटुंगाचाही होता. समुद्रसपाटीपासून साधारण 1100 मीटरवर, खालच्या तळ्याच्या सुमारे 700 मीटर वर, दरीत जिभेसारखा पुढे आलेला तो सपाट खडक. फोटोत त्या खडकावर दोघंच. तिथे 2010 साली वर्षाकाठी जेमतेम 800 माणसं जायची, असं सांगतात. पुढच्या सहासात वर्षांत तो आकडा 80,000 च्या घरात गेला. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी त्या जिभेवर पाय ठेवायला रांग असते. फोटोतला एकांत हा त्या रांगेतल्या आपल्या पाळीपुरता असतो. मागे ताटकळलेली माणसं चौकटीत येत नाहीत, इतकंच.

पण मला अडलं ते दुसऱ्याच गोष्टीशी. सतराच्या सतरा फोटोंत ती दोघं डोंगराकडे बघत होती. मी भाचीला फोन केला. "एकमेकांना वाचून दाखवणार आहात ना?"

"हो."

"मग तोंडं कुठे असणार?"

ती थांबली. लग्न लागताना दोघं समोरासमोर उभी राहणार. म्हणजे दृश्य दोघांच्याही कुशीला, डोळ्यांच्या कोपऱ्यात. नीट बघणार ते जमलेले चारजण आणि कॅमेरा. ज्यांचं लग्न आहे त्यांना समोर दिसणार एक ओळखीचा चेहरा, तो कदाचित थंडीने नाक लाल झालेला. एवढं करून जागा निवडायची ती दृश्यासाठी?

"तू जागा शोध गं मावशी," ती म्हणाली. "डोक्याला त्रास देऊ नकोस."

पहिल्यांदा गेले ती धारेवर. ती धार मला वीस वर्षांपासून ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर भाचीने फोन ठेवायच्या आधीच मी तीच मनात धरली होती. दोन्ही बाजूंना दऱ्या, मधे गवताची अरुंद पट्टी, पूर्वेला एकामागे एक सात रांगा. सातवी दिसली तर दिवस चांगला, असा आमचा जुना हिशोब. मोटाररस्ता संपतो तिथपासून धारेपर्यंत अंतर पाच किलोमीटरच्या आत, चढ साधारण 600 मीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली वेळ काढायची एक युक्ती सांगून ठेवली आहे: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरा, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास वाढवा. त्या हिशोबाने दोन तास. नेस्मिथच्या हिशोबात घोट्यापर्यंतचे कपडे, नवे बूट आणि दर वळणावर थांबून केस नीट करणारी नवरी नाही. मी तीन तास धरले.

वर पोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि वारा होता. फार नव्हता, तुम्हीआम्ही ज्याला छान वारा सुटलाय म्हणतो तसा. समुद्रावरच्या माणसांनी वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत, बोफर्टच्या. चौथ्या पायरीचं वर्णन मला फार आवडतं: धूळ आणि सुटे कागद उडतात. ताशी 20 ते 28 किलोमीटर, बस. सहाव्या पायरीला छत्री धरणं कठीण होतं. लग्नाला वादळ लागत नाही, चौथी पायरी पुरते. हातात सुटा कागद असतोच.

मी एक प्रयोग केला. फोन रेकॉर्डिंगला लावून एका दगडावर ठेवला, पाच पावलं मागे आले आणि काहीतरी वाचायचं म्हणून पाठपिशवीत हात घातला. निघाली ती माझ्या गोळ्यांच्या पाकिटातली घडीपत्रिका. मी धारेवर उभी राहून, दोन दऱ्यांच्या साक्षीने, खणखणीत आवाजात वाचलं: "संभाव्य दुष्परिणाम. मळमळ. चक्कर. तोंड कोरडं पडणं. क्वचित निद्रानाश." मग जाऊन ऐकलं. फडफड, फडफड, "..मळ," फडफड, "..नाश." एवढंच.

धारेवर वारा का असतो याला काही गूढ कारण नाही. डोंगर आडवा आला की हवेला वर चढून जावं लागतं, आणि माथ्यावर ती दाटीने, वेगाने निसटते. खिंडीत तेच आडव्या अंगाने होतं. नळाच्या तोंडावर बोट धरल्यासारखं. फोटोत झगा जितका सुंदर पसरलेला, तितकं त्या माणसांना एकमेकांचं कमी ऐकू आलेलं असणार, हे मला त्या दिवशी कळलं. सतरा फोटोंकडे पुन्हा बघितलं. सगळे झगे उडत होते.

धबधब्यांचंही तेच, किंबहुना जास्त. माझ्या यादीत एक धबधबा होता. त्याच्यापुढे उभं राहून घडीपत्रिका वाचण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

मग वेळेचा विचार. डोंगरात जागा ही एकटी नसते, तिला तास जोडलेला असतो. तीच धार सकाळी सहाला वेगळी आणि दुपारी दोनला वेगळी. दिवसा ऊन उतारांना तापवतं आणि हवा दरीतून वर चढते. रात्री उतार थंड होतात आणि हवा जड होऊन खाली घरंगळते. या दोन्हींच्या मधे, सूर्य उगवल्यावर थोडा वेळ, हवा कुठे जायचं ते ठरवत असल्यासारखी थांबते. ज्यांनी डोंगरात रात्री काढल्यात त्यांना हा निवांतपणा ओळखीचा असतो. चुलीचा धूर सरळ वर जातो. वर चढणारी हवा मग दुपारपर्यंत ढग रचते. उन्हाळ्यात ते बऱ्याचदा गडगडून मोकळे होतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे असं समजायचं आणि उघड्यावरून निघायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. धारेवर, एकट्या झाडाखाली, तर मुळीच थांबायचं नाही. सोहळा दुपारी चारला ठेवणाऱ्यांना हे कोणी सांगत असेल का? चारला ठेवतात ते संध्याकाळच्या उन्हासाठी, हेही खरं.

आणि ते ऊनही फसवतं. पंचांगातली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. पश्चिमेला डोंगर उभा असेल तर आपला सूर्य आधीच मावळलेला असतो. हे मोजायला हात पुरतो: हात ताठ लांब करून मूठ धरली की ती आकाशातले साधारण 10 अंश झाकते. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. म्हणजे क्षितिजावर एक मूठ उंच डोंगर असेल तर कमीत कमी चाळीस मिनिटं आधी सावली येते. विषुववृत्तापासून लांब गेलं की सूर्य तिरका उतरतो, तेव्हा आणखी आधी. मी पाहिलेल्या एका गोंडस दरीत पश्चिमेला दोन मुठी डोंगर होता. सोनेरी ऊन तिथे समोरच्या शिखरांवर पडतं, आपण निळसर सावलीत कुडकुडत ते बघायचं. बघायला सुंदर, नवरीला गारठा.

म्हणून सकाळ. भाचीला सांगितलं तर ती किंचाळली. "पहाटे चारला उठायचं? माझ्या लग्नात?"

"पळून जाणाऱ्यांना पहाटेच उठावं लागतं," मी म्हटलं.

दुसरी खेप मी एका बऱ्याच उंच जागेसाठी केली. तिच्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण ती थोडक्यातच बाद झाली. उंची 3000 मीटरच्या वर, समोर हिमशिखरं, मोटार थेट वरपर्यंत जाते. नेमकं तेच वाईट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो, आणि साधारण 2500 मीटरच्या पुढे डोकेदुखी, मळमळ कोणालाही गाठू शकते, तरण्याताठ्यांनासुद्धा. पायी जाणारा हळूहळू चढतो, शरीराला सवय लागते. मोटार दोन तासांत नेऊन सोडते. एक दिवस खाली मुक्काम, मग वर, असं केलं तर जमतं. पण सगळ्यांची सुट्टी मिळून दोनच दिवसांची होती. शिवाय दर हजार मीटरला अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली पुष्कळशी परत तोंडावर फेकतो. लग्नानंतरच्या आठवड्यात सोललेली नाकं. नको.

तिथून उतरताना मात्र एक गोष्ट झाली. सकाळची वेळ, पाठीशी कोवळा सूर्य, समोरच्या दरीतून धुकं वर येत होतं. त्या धुक्यावर माझी सावली पडली, लांबच लांब, आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांची गोल कडी. इंद्रवज्र. जर्मनीतल्या ब्रॉकेन डोंगरावरून युरोपात याला 'ब्रॉकेनचं भूत' म्हणतात. आपला शब्द जास्त चांगला आहे. मी हात हलवला, तिने हलवला. पहिल्यांदा मनात आलं की हे दोघांना दिसलं तर काय बहार येईल. मग आठवलं, हे वलय ज्याचं त्यालाच दिसतं. प्रकाश ज्या दिशेने आला तिकडेच, म्हणजे ज्याच्या त्याच्या डोळ्यांकडे, थेंबांतून परत फिरतो. दोघं शेजारी उभी राहिली तर सावल्या दोन दिसतील, पण तिला वलय तिच्याच डोक्याभोवती आणि त्याला त्याच्याच. हे मी भाचीला सांगितलं नाही. लग्न झाल्यावर कळेलच.

कागदपत्रांचं प्रकरण मला वाटलं त्याहून सोपं होतं, कारण कायद्याचं काम खाली उरकणार होतं. बहुतेक देशांत तेच शहाणपणाचं. डोंगरमाथ्यावर कायदेशीर लग्न लावायला अधिकारी मिळणं अवघड. अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य त्याला अपवाद. तिथे जोडपं स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतं, पुरोहित नको, अधिकारी नको. रॉकी पर्वतात इतकी डोंगरी लग्नं होतात याचं एक कारण बर्फ असेल, दुसरं हा नियम. ऐरणीचीही गरज उरली नाही.

पण डोंगराची स्वतःची परवानगी घ्यावीच लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत लग्नासाठी रीतसर परवाना काढावा लागतो, माणसं चारच का असेनात. मला हे आधी जाचक वाटायचं. मग तिथल्याच रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेले होते, तेव्हाची आठवण सांगते. ट्रेल रिज नावाचा रस्ता 3700 मीटरच्या वर चढतो आणि झाडांची हद्द संपून नुसतं माळरान लागतं. तिथे जमिनीला चिकटून उशीसारखं वाढणारं एक गुलाबी फुलांचं झुडूप आहे, मॉस कॅम्पियन. तळहाताएवढी ती हिरवी उशी बघून मला वाटलं, यंदाचं असेल. बरोबरच्या माणसाने सांगितलं की पहिलं फूल यायलाच दहाएक वर्षं लागतात. मी पाय कुठे ठेवलाय ते बघितलं. तेव्हापासून फोटोसाठी 'जरा अजून मागे सरका' म्हणणाऱ्या छायाचित्रकाराच्या मी पायांकडे बघते. सहा माणसं आणि एक तास, एवढ्यानेही वाट पडते. म्हणून जागा अशी हवी जी आधीच तुडवलेली आहे, किंवा खडकाची आहे. उधळायला पाकळ्या आणणार होते, त्याला मी नाही म्हटलं. बागेतली फुलं डोंगरावरची नव्हेत. बिया तिथे राहतात, आपण निघून येतो. भाचीला हे पटलं. तिच्या मैत्रिणीला नाही पटलं. ती अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

एवढं सगळं करून मी पुन्हा धारेवरच आले होते. पहाटेची धार, वारा पडलेला, सात रांगा. सकाळी सव्वासहाला घडीपत्रिका वाचून बघितली, निद्रानाशापर्यंत स्पष्ट ऐकू आली. जागा ठरली म्हणून कळवलंसुद्धा.

मग ताईचा फोन आला. माझी ताई, भाचीची आई.

"किती चढ आहे गं?"

"तीन तास. आपण हळूहळू जाऊ."

ताईचे दोन्ही गुडघे गेलेत. जिना उतरताना ती कठड्याला अशी धरते की कठड्यालाच आधार देतेय असं वाटावं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग अगदी सहज आवाजात म्हणाली, "नाहीतरी पळून जाऊन करताहेत ना. आई बरोबर असली तर पळाल्यासारखं वाटायचं नाही. तुम्ही या जाऊन वर. मी खाली गाडीत थांबते, डबे सांभाळते."

मला राग आला. कोणाचा, ते अजून सांगता येणार नाही. बहुधा माझाच. आठ महिन्यांत मी वारा मोजला, ऊन मोजलं, डोंगराच्या मुठी मोजल्या, झुडपांची वयं विचारली. आणि कोण येणार आहे हे मी विचारलंच नव्हतं. दृश्य कोणासाठी, असं भाचीला तावातावाने विचारणारी मी. पाहुणे चार आहेत म्हटल्यावर त्यातला एकेक किती मोठा होतो! पाचशेंत एखादा आला नाही तर जेवणाच्या पानांवरून कळतं. चारांत एक नसला तर फोटोत भोक दिसतं.

भाचीशी बोलले. तिलाही माहीत नव्हतं, आई तिला म्हणाली होती, "मी येईनच." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, दुसरी जागा."

"फोटो?"

"दुसरी जागा."

त्या धारेच्या अंगाखांद्यावर मी वीस वर्षं चढउतार केलेत, पण चढताना नेहमी नजर वर. या वेळी मी खाली बघत उतरले. रस्त्यापासून चाळीस मिनिटांवर, धारेच्या सव्वा तास अलीकडे, डोंगराला एक पदर आहे. डोंगराच्या मधल्या टप्प्याला आपल्याकडे पदर म्हणतात, हे मला शाळेच्या वयापासून माहीत. पण त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. दोनतीन खोल्यांएवढी सपाटी. मागे काळ्या खडकाची भिंत, बाजूने एक सोंड उतरलेली, त्यामुळे वाऱ्याला वळसा घालून जावं लागतं. गुराख्यांनी वर्षानुवर्षं बसून बसून मधलं गवत घालवलेलं. भिंतीच्या बुडाशी एक कपार, सहा माणसं पाऊस काढतील एवढी. पूर्व उघडी, पण पूर्ण नाही. उजवीकडची सोंड अर्धं दृश्य खाते. सातांपैकी तीन रांगा दिसतात. चौथी असेल असं वाटतं.

चाळीस मिनिटांची वाट ताई काठी घेऊन दीड तासात चढेल. मधे बसायला चार दगड होते, मी मोजले.

घडीपत्रिका पुन्हा काढली. सकाळचे साडेदहा, धारेवर वारा घोंघावत होता, गवताच्या लाटा वरून दिसत होत्या. पदरात मी नेहमीच्या आवाजात वाचलं, जेवणाच्या टेबलावर बोलतो तशा. मागचा खडक आवाज थोडा परत देतो, त्यामुळे शब्द गोल होऊन येत होते. रेकॉर्डिंग भाचीला पाठवलं. "मळमळ. चक्कर. तोंड कोरडं पडणं. क्वचित निद्रानाश." खाली माझाच श्वास ऐकू येत होता, आणि लांबवर एक पक्षी.

तिचं उत्तर आलं: हीच.

त्या दिवशी आम्ही अंधारात निघालो, कपाळावर दिवे लावून. ताई सगळ्यांच्या आधी, माझ्याबरोबर. बाकीचे मागून येऊन आम्हाला गाठतील असा बेत. चौथ्या दगडावर बसली असताना ती म्हणाली, "मीच पळून चाललेय असं वाटतंय." आकाशाला कड फुटली होती.

हवा लख्ख होती. इतकी, की मला क्षणभर वाईट वाटलं. धारेवरून आज सातच काय, आठवीही दिसली असती. पदरातून तीन दिसत होत्या आणि चौथीची एक रेघ. ऊन कुशीने येईल अशी मी दोघांना उभी केली, म्हणजे डोळे कोणाचेच मिटायला नकोत. छायाचित्रकार मुलगी शहाणी निघाली. खडकावर एका जागी बसली आणि उठलीच नाही.

त्याने आधी वाचलं. कागद थरथरत होता तो वाऱ्याने नव्हे, हे सगळ्यांना दिसलं. मग तिने. तिने काय वाचलं ते त्यांचं आहे. फक्त मधेच एके ठिकाणी, गंभीर चेहऱ्याने, "चक्कर, आणि क्वचित निद्रानाश," असं आलं तेव्हा मी आणि तो फसकन हसलो, आणि बाकीचे आमच्याकडे बघत राहिले. ताई भिंतीला टेकून बसली होती, सातआठ पावलांवर. तिचा एक कान अलीकडे कमी ऐकतो. मी तिच्याकडे बघत होते. तिने एकदाही मान पुढे केली नाही, कानामागे हात नेला नाही.

नऊ वाजता त्या दोघांना धारेवर जायची हुक्की आली. उरलेल्या चार रांगा बघायच्या होत्या. कॅमेरेवालीला घेऊन ती गेली. आम्ही पदरातच राहिलो, डबे उघडले. सव्वा तासाने वर, आकाशाच्या रेघेवर, दोन ठिपके आले. झगा एकदम पसरला, सतरा फोटोंतल्यासारखा. मी दुर्बीण ताईला दिली. तिने चष्मा वर सारला, बराच वेळ बघितलं.

"काहीतरी बोलताहेत गं," ती म्हणाली. "तो म्हणतोय काहीतरी. आता तिने कानाला हात लावला."

"मग?"

"मग आता ती म्हणतेय, आणि त्याने कानाला हात लावलाय."